डबा किती जुना, यापेक्षा डबा कसा आहे?

आजची गोष्ट आहे एका टिनच्या डब्याची. आत चार पौंड भाजलेलं वासराचं मांस. एडवर्ड पॅरी हा इंग्रज दर्यावर्दी १८२४ साली आर्क्टिकच्या सफरीवर तो घेऊन गेला आणि न उघडताच परत आला. डबा पुढे संग्रहालयात पडून राहिला. शंभरावर वर्षांनी, १९३०च्या दशकाच्या अखेरीस, शास्त्रज्ञांनी तो फोडला. मांस चांगलं होतं! प्राण्यांना घातलं, त्यांना काहीच झालं नाही.

इथे लोक गोष्ट संपवतात आणि म्हणतात, बघा, डबाबंद अन्न कधी बिघडतच नाही. पण त्याच ब्रिटिश नौदलाने जानेवारी १८५२ मध्ये गॉस्पोर्टच्या गोदामात गोल्डनर नावाच्या ठेकेदाराचे डबे उघडले, तेव्हा काय झालं? डब्यामागून डबा सडका निघाला. हे डबे पॅरीच्या डब्याच्या मानाने कालचेच. ठेका स्वस्तातला, डबे मोठाले, आणि मधल्या मांसापर्यंत उष्णता नीट पोचलेली नाही. (फ्रँकलिनच्या १८४५च्या दुर्दैवी मोहिमेलाही याच गोल्डनरने डबे पुरवले होते.)

म्हणजे वय हा मुद्दाच नव्हता. निकोला अपेरने १८१० मध्ये ही युक्ती छापून प्रसिद्ध केली, पण अन्न टिकतं का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पाश्चरचं काम अजून पन्नास वर्षं दूर होतं. शिंपल्यांच्या फुगणाऱ्या डब्यांचं कोडं घेऊन अंडरवूड नावाचा कारखानदार १८९५ मध्ये बॉस्टनच्या प्रेस्कॉट या शास्त्रज्ञाकडे गेला, तेव्हा कुठे कळलं की साध्या उकळीने न मरणारे जिवाणूंचे बीजाणू असतात. त्यांना १२१ अंशांच्या आसपासची दाबाखालची वाफ लागते.

आता तुमच्या फडताळातला डबा. फुगलेला, गळणारा, शिवणीवर चेपलेला किंवा गंजून खड्डे पडलेला असेल, तर सरळ टाकून द्या. उघडताना फस्सकन पाणी उडालं तरी तेच. आणि चाखून बघायचं नाही, अगदी जिभेच्या टोकावरही नाही. बोटुलिनम नावाचं विष वासाने किंवा चवीने ओळखू येईलच असं नाही, आणि डबा फुगलेला नसला तरी ते आत असू शकतं. आपल्या आजीची 'वास घेऊन बघ' ही कसोटी दुधाला ठीक. इथे ती चालत नाही.

रत्नागिरीच्या आमरसाचा डबा दिल्ली-इंदूरला नेणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आंबटपणात बोटुलिनमचा जिवाणू वाढत नाही, पण तोच आंबटपणा पत्रा हळूहळू खातो. म्हणून आंबट फळांचे डबे साधारण दीड वर्षात संपवावेत. मांस, मटार यांचे डबे धडधाकट असतील तर दोन ते पाच वर्षं चव टिकवतात. आणि डबा उघडल्यावर उरलेला रस काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवा.