अंजुमनची शाळा

मुंबईच्या सरकारी शाळांत मुसलमान मुले इतकी थोडी का, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अधिकारीवर्ग बहुधा धार्मिक पूर्वग्रहाकडे बोट दाखवून मोकळा होत असे. वस्तुस्थिती इतकी सरळ नव्हती. सरकारी प्राथमिक शाळेत शिकवणे मराठीत अथवा गुजरातीत, आणि दीनी तालीम मुळीच नाही. उलट मोहल्ल्यातील मकतबात मूल तख्तीवर अलिफ-बे गिरवी, अर्थ कळो न कळो, कुराण अस्खलित वाचावयास शिके, जमल्यास थोडी फारसी उचले, आणि मिसरूड फुटण्यापूर्वीच बापाच्या पेढीवर किंवा गलबतावर रुजू होई. फारसीचा सरकारदरबारी मान तोवर ओसरला होता. पेढीवरचा हिशेब मात्र शाळेवाचूनही येत होता. मग व्यवहारी बापाने मुलाला शाळेत धाडावे तरी कशासाठी?

हा पेच ज्यांना घरातूनच ठाऊक होता, त्यांत बद्रुद्दीन तय्यबजी हे अग्रगण्य. खंबायतेहून आलेल्या सुलेमानी बोहरा व्यापाऱ्याचा हा मुलगा दादा मखबांच्या मदरशात बसला, एल्फिन्स्टनमध्ये शिकला आणि विलायतेहून १८६७ साली बॅरिस्टर होऊन परतला. (१८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन मंजूर करणारे न्यायमूर्ती ते हेच.) वडील बंधू कमरुद्दीन आणि नाखुदा महंमद अली रोगे यांच्यासह त्यांनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापिली, परंतु सभा, ठराव आणि वर्गणी यांतच सहा वर्षे गेली, आणि पहिली शाळा १८८० साली बाबुला टँकाजवळ उघडली.

खरी अडचण मात्र पैशाहून भाषेची होती. मुंबईचा मुसलमान म्हणजे एक समाज नव्हे: बोहऱ्यांची गुजराती, मेमणांची कच्छी, कोकण्यांची मराठीच्या कुळातील बोली, आणि उत्तरेकडून येऊन मदनपुऱ्यात माग टाकणाऱ्या विणकरांची हिंदुस्थानी. या सर्वांना एका बाकावर बसवावयाचे तर मधली भाषा हवी, म्हणून संस्थेने उर्दूचा पाया धरला आणि त्यावर इंग्रजीचा मजला चढविला. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढे तय्यबजींनी अंजुमनची बाजू मांडली. आयोगानेही मुसलमान मुलांच्या शाळांत हिंदुस्थानी हे माध्यम असावे, मात्र जेथे लोकांची इच्छा वेगळी असेल तेथे नसावे, अशी शिफारस केली. हा अपवाद मला शिफारशीहूनही शहाणपणाचा वाटतो.

पुढे बोरीबंदर स्थानकासमोर जागा मिळाली. १८९० च्या मार्चअखेरीस गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि जेम्स विलकॉक्स यांनी आखलेली घुमट-मिनारांची इमारत १८९३ साली उभी राहिली. स्थानकाच्या दिमाखापुढे न दबणारी ती वास्तू म्हणजे शाळा ही मशिदीच्या ओसरीवर भरणारी गोष्ट नव्हे, हे शहराला ठणकावून सांगण्याचीच तऱ्हा होती. १८९० पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०६ पर्यंत, तय्यबजी संस्थेचे अध्यक्ष राहिले.

त्याच १९०६ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. तेथील रीत वेगळी: संस्थेने बोर्डिंग चालवावे, राहण्या-जेवण्याची सोय करावी, आणि मुलांनी मात्र गावातल्या चालू शाळांत इतरांच्या शेजारी बसून शिकावे. अर्थात, मागे दरबाराचे पाठबळ असल्यावाचून हा मार्ग सुकर नव्हता, आणि मुंबईत तसा दरबार कोठे होता? तरीही ज्या महंमद अली रोगे यांच्या पदरचा पैसा आणि प्रतिष्ठा अंजुमनच्या कामी आली, त्यांच्याच कोकणी जमातीच्या मुलांना घरची बोली उंबऱ्याबाहेर ठेवून उर्दूपासून श्रीगणेशा करावा लागला. त्यांच्यासाठी निदान पहिल्या इयत्ता मराठीत असावयास हव्या होत्या, असे माझे स्पष्ट मत आहे.