हिवाळ्यातील गुप्तदान

पौषाची थंडी पडू लागली, की गोमतीच्या काठी वसलेले लखनौ शहर सकाळच्या धुक्यात बुडून जाते. चौकातल्या दुकानांतून तिळाच्या रेवड्यांच्या राशी दिसू लागतात. संक्रांतीच्या सणाला अवध प्रांतात ‘खिचडी’ असेच नाव आहे. त्या दिवशी नदीवर स्नान करून लोक तांदूळ, उडदाची डाळ, तीळ आणि मीठ दान करतात. सासरी नांदणाऱ्या लेकीलाही माहेराहून खिचडीचा शिधा जातो. याच्या तीन आठवडे आधी, २५ डिसेंबरला, ‘बडा दिन’ साजरा होतो. त्या संध्याकाळी हजरतगंजातील चर्चसमोर सर्व धर्मांच्या लोकांची गर्दी लोटते, आणि पांढऱ्या दाढीचा नाताळबाबा मुलांना खाऊ वाटतो. एकाच शहरात, एकाच ऋतूत, देण्याचे हे दोन सोहळे शेजारी शेजारी नांदतात.

हे शेजारपण केवळ योगायोगाचे नाही. हिवाळ्यात रात्र मोठी, थंडी कडक आणि गरिबाचे हाल अधिक. उलट शेतकऱ्याच्या घरी खरिपाचे धान्य नुकतेच आलेले असते. देण्याची निकड आणि देण्याची ऐपत या दोन्ही गोष्टी याच काळात एकत्र येतात. प्राचीन रोममध्ये डिसेंबरातील ‘सॅटर्नेलिया’ उत्सवात लोक एकमेकांना मेणबत्त्या आणि मातीच्या लहान मूर्ती भेट देत, आणि धनी आपल्या गुलामांना मेजवानी देत. आपली संक्रांतही मुळात सूर्याच्या उत्तरायणाशी जोडलेली आहे. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचा मकरप्रवेश आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच सुमारास होत असत. पुढे अयनचलनामुळे त्यांत अंतर पडत गेले. आज उत्तरायण २२ डिसेंबरच्या आसपास लागते आणि संक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते.

नाताळबाबाचे मूळ जवळजवळ त्याच काळातले आहे. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील मायरा या नगरीत निकोलस नावाचा बिशप होऊन गेला. त्याच्याविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. दारिद्र्याने गांजलेल्या एका गृहस्थाला तीन मुली होत्या. हुंड्याअभावी त्यांची लग्ने अडली होती. निकोलसने तीन वेगवेगळ्या रात्री त्या घराच्या खिडकीतून सोन्याने भरलेली थैली आत टाकली. तिसऱ्या रात्री बापाने त्याला गाठले, तेव्हा त्याने एवढेच मागितले, की आपले नाव कोणाला सांगू नये. त्याच्या अस्थी १०८७ साली इटलीतील बारी येथे नेण्यात आल्या आणि त्याची कीर्ती युरोपभर पसरली. हॉलंडमध्ये त्याचा ‘सिंटरक्लास’ झाला, आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात त्यालाच आजचे ‘सांताक्लॉज’ हे रूप मिळाले. रूप पालटले, पण रात्री, कोणाच्या नजरेस न पडता येण्याची त्याची रीत मात्र टिकून राहिली.

या कथेला लखनौमध्ये एक विलक्षण जोड सापडते. विक्रम संवत १८४० मध्ये, म्हणजे इसवी सन १७८३-८४ च्या सुमारास, उत्तर हिंदुस्थानात भयंकर दुष्काळ पडला. त्या संवताच्या आकड्यावरून लोकांनी त्याला ‘चालीसा’ हे नाव दिले. त्या वेळी नवाब आसफउद्दौला याने १७८४ मध्ये बडा इमामबाडा बांधावयास काढला आणि हजारो हातांना काम दिले. लोककथा अशी, की दिवसा मजूर भिंत उभारीत आणि रात्री शहरातील खानदानी, पण उपाशी माणसे तीच भिंत पाडण्याचे काम करीत. अंधारामुळे त्यांचे चेहरे कोणाला दिसत नसत आणि मजुरीही पदरात पडे. निकोलसच्या कथेत अंधार देणाऱ्याचे नाव झाकतो. येथे तो घेणाऱ्याची लाज राखतो.

पुढे १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केला. इंग्रजी अमदानीत उत्तर हिंदुस्थानात ‘बड्या दिना’ला एक वेगळाच प्रघात पडला. जमीनदार, ठेकेदार आणि हाताखालचे कर्मचारी साहेबाच्या बंगल्यावर फळे, फुले आणि मिठाई यांनी भरलेली ‘डाली’ घेऊन जात. वडीलधाऱ्यांना भेट पाठविण्यात मुळात काही वावगे नाही. जपानात वर्षअखेरीस ‘ओसेइबो’ नावाची अशीच रीत आहे, आणि ती कृतज्ञतेची मानली जाते. परंतु ‘डाली’ भर दिवसा येई. ती कोणाची, हे साहेबाला कळावे, हाच तिचा हेतू असे. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी नजराणे घेऊ नयेत असा निर्बंध १७७३ च्या कायद्यानेच घातला होता. फळाफुलांची टोपली मात्र क्षुल्लक म्हणून दाराआड शिरत राहिली. टोपली क्षुल्लक खरी, पण तिच्याबरोबर येणारी अपेक्षा क्षुल्लक नसे.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीच्या आशेने दिलेले दान तेथे राजस ठरते. जो परतफेड करू शकत नाही त्याला कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक. लोकाचाराने हा विचार फार साध्या रीतीने जपला आहे. संक्रांतीला तिळाच्या लाडवात नाणे दडवून तो दान करण्याची चाल महाराष्ट्रात आहे, आणि तिला ‘गुप्तदान’ असेच नाव आहे. खिडकीतून पडलेली थैली, अंधारातली मजुरी आणि लाडवातले नाणे या तिन्हींचा देश निराळा, धर्म निराळा. परंतु घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही काळजी तिन्हींत एकच आहे.