दामदुपटीचं गणित

अंबडला नवा जलकुंभ बांधायचा तर अभियंता आधी एकच प्रश्न विचारतो: तीस वर्षांनी इथे माणसं किती असतील? (अंबड म्हणजे नाशिकचं, एमआयडीसीचं. जालन्याचं वेगळं.) उत्तर काढायच्या रीती स्थापत्यच्या पुस्तकात शेजारी शेजारी छापलेल्या असतात: अंकगणिती वाढ, भूमितीय वाढ आणि मग ‘वाढीव वाढ’. पहिली म्हणजे सरळव्याज, दुसरी म्हणजे चक्रवाढ. ही उपमा नाही, सूत्रं अक्षरशः तीच आहेत. मुद्दलाच्या जागी शेवटच्या जनगणनेचा आकडा ठेवायचा, दराच्या जागी दशकाची टक्केवारी आणि मुदतीच्या जागी दशकं. शहराचा भविष्यकाळ काढणारं हे शास्त्र सावकाराच्या खतावणीतून आलं, असं माझं मत झालं आहे आणि ते सोडायला मी सहजासहजी तयार नाही.

ठरलेली वंशावळ थोडक्यात सांगतो. विल्यम पेटीने १६८०च्या दशकात लंडन दर चाळीस वर्षांनी दुप्पट होतं असं मांडलं, आणि तेच गणित पुढे नेल्यावर सगळा देशच लंडनमध्ये राहायला येणार हे पाहून ही वाढ १८००च्या सुमारास थांबणारच असंही सांगून टाकलं. ऑयलरने १७४८मध्ये लोकसंख्येची उदाहरणं चक्रवाढीने सोडवली. १७९८मध्ये माल्थस आला. एवढं कुठेही वाचायला मिळतं.

माल्थसची नोकरी मात्र फारशी कुणाच्या लक्षात नसते. १८०५पासून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी कॉलेजात शिकवत होता, म्हणजे हिंदुस्थानात कलेक्टर म्हणून येणारी पोरं घडवत होता. त्याच्या हाताखाली शिकलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल पुढे दख्खनेत आला आणि त्याने पुणे भागातल्या जमिनींची सारा-आकारणी केली. ती इतकी चढी बसली की गोल्डस्मिड आणि विंगेट यांना १८३६मध्ये इंदापुरापासून नव्याने सुरुवात करावी लागली. नव्या आकारणीची मुदत होती तीस वर्षं. पाणीयोजनांची संकल्पन-मुदतही आज बहुतेक तीस वर्षंच धरतात. कुणी म्हणेल योगायोग. मी म्हणेन, एक पिढी हे माप सरकारी कागदात एकदा रुजलं की खातं बदललं तरी ते बदलत नाही.

आता ‘वाढीव वाढ’. हिची गंमत निराळी. दर दशकाची सरासरी भर घ्यायची, त्या भरीत दर दशकाला किती फरक पडतो त्याची सरासरी काढायची, आणि पुढची दशकं न असतील तर त्या फरकाला न गुणिले न अधिक एक भागिले दोनने गुणून भरीच्या न पटीत मिळवायचं. एकपासून न पर्यंतच्या अंकांची ही बेरीज ‘लीलावती’त ‘संकलित’ म्हणून येते, आणि त्याच ग्रंथात व्याजाची गणितंही आहेत. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे, तो भाऊ दाजींनी उजेडात आणला. म्हणजे व्याज आणि संकलित यांचं घर आपल्या अंगणात होतं. यावर जाणकारांचं उत्तर असं की हे सूत्र न्यूटनच्या अंतर-पद्धतीतून इंग्रजी पुस्तकांच्या वाटेने आलं, पाटण्याहून कुणी ते आणलं नाही. मान्य. वाट इंग्रजीच होती. पण इथल्या विद्यार्थ्याला ते परकं वाटलं नाही, याचं श्रेय मी व्याजाच्या हिशोबाला देतो.

व्याजाच्या सिद्धान्ताला सर्वांत मोठा धक्का नाशिक जिल्ह्यानेच दिला. १८६९मध्ये खानदेश आणि नगरचे तुकडे जोडून हा जिल्हा झाला. १९०१च्या गणनेत त्याची लोकसंख्या ८,१६,५०४ भरली, आधीच्या दशकापेक्षा सुमारे तीन टक्के कमी. मध्ये दोन दुष्काळ आणि प्लेग. दुष्काळात सावकाराचं मुद्दल आटत नाही, उलट व्याज चढतं; माणसं मात्र मरतात आणि परागंदा होतात. ऋण व्याजदराची कल्पना कोणत्याही पेढीवर नव्हती. इथे माझा सिद्धान्त लंगडतो.

दुसरा धक्का अंबडचा. नाशिक शहराची १९८१ची लोकसंख्या २,६२,४२८, १९९१ची ६,५६,९२५. दीडशे टक्के वाढ! पण हे व्याज नव्हतंच. ७ नोव्हेंबर १९८२ला महापालिका झाली, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर नगरपालिका तिच्यात आल्या, अंबडसारखी गावंही आली. दोन खाती एकत्र केली आणि दुसऱ्याचं मुद्दल पहिल्याचं व्याज म्हणून लिहिलं, असा प्रकार. चक्रवाढ लावणाऱ्याने हा दर तसाच चालवला असता तर २०११ला शहर ४१ लाखांवर गेलं असतं. त्यात अंबडची गोष्ट दुहेरी. कारखान्यांमुळे धुळे-जळगावकडून, उत्तर प्रदेश-बिहारकडून माणसं आली, आणि गाव मात्र तक्त्यातून गेलं. कोणत्याही जागेची लोकसंख्या काळाबरोबर मोजायची तर आधी तिची हद्द धरून ठेवावी लागते. ती धरली नाही तर पुढचं सगळं गणित वांझोटं.

हद्द स्थिरावल्यावर काय झालं ते पाहा. २००१ला शहर १०,७७,२३६. दशकाची भर ४,२०,३११. सरळव्याजाने तीच भर पुन्हा मिळवली तर २०११चा अंदाज १४,९७,५४७. प्रत्यक्षात निघाले १४,८६,०५३. साडेअकरा हजारांची चूक, म्हणजे एका टक्क्याच्याही आत! चक्रवाढीने हाच आकडा साडेसतरा लाखांच्या वर गेला असता. जिल्ह्याचंही तेच. १९९१ला ३८,५१,३५२, २००१ला ४९,९३,७९६, २०११ला ६१,०७,१८७. दोन्ही दशकांत भर साधारण अकरा लाख. ज्याला शाळेत बाळबोध म्हणून हिणवतात ते सरळव्याज जिंकलं.

का जिंकलं, इथे खरी मजा आहे. बेल्जियमच्या व्हेरहुल्स्टने १८३८मध्ये सांगितलं की वाढ आधी चढते, मग कमाल मर्यादेकडे वळून मंदावते. वक्ररेषा इंग्रजी ‘एस’सारखी. या ‘एस’चा मधला भाग जवळजवळ सरळ असतो आणि त्याच्या ऐन मध्यावर लोकसंख्या कमाल मर्यादेच्या बरोबर निम्मी असते. म्हणजे मर्यादा मध्याच्या दुप्पट. आपल्या धर्मशास्त्रात सावकाराला घातलेली मर्यादा हीच: एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलाहून जास्त नाही, एकूण घेणं दुपटीपुढे नाही. दामदुपट! मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदू ऋणकोंना हा नियम ब्रिटिश अमदानीतही लावला.

विरोधक म्हणतील, व्हेरहुल्स्टला दामदुपट ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याने मर्यादेची कल्पना क्वेटलेकडून घेतली, आणि क्वेटलेने ती भौतिकशास्त्रातल्या माध्यमाच्या विरोधावरून. बरोबर आहे. पण चक्रवाढीला कुठेतरी कुंपण लागतंच हे ओळखणारे दोघंही, एक न्यायासाठी आणि एक गणितासाठी. कुळ एक नसेल, गोत्र एक असावं.

या गोत्रावर विसंबणारे फसतातही. पर्ल आणि रीड यांनी १९२०मध्ये अमेरिकेची कमाल मर्यादा सुमारे १९.७ कोटी काढली. १९७०च्या जनगणनेत तो देश २० कोटींच्या पुढे होता. वयोगटवाले तर या सगळ्यालाच हसतात. माणसं म्हणजे रुपये नव्हेत, त्यांना वय असतं, मुलं बायकांना होतात. कॅननने १८९५मध्ये ती रीत मांडली. आपल्याकडे गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या सोवनी आणि कुमुदिनी दांडेकर यांनी नाशिक, कुलाबा आणि उत्तर सातारा जिल्ह्यांतल्या जननाची पाहणी करून १९५५मध्ये प्रसिद्ध केली, ती त्याच दिशेची. २०११ ते २०३६चे सरकारी अंदाजही वयोगटांवर आहेत, पण ते राज्यापर्यंत येऊन थांबतात. अंबडला उत्तर प्रदेशातून कोण आलं आणि कोण परत गेलं याची नोंद कोणत्याच वहीत नसते. म्हणून जिल्ह्याचा आणि शहराचा अंदाज अजून व्याजाच्याच आधाराने चालतो.

१ मार्च २०२७ ही पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख, म्हणजे मागच्या गणनेपासून नेमकी सोळा वर्षं. हद्द तीच धरून मी तीन हिशोब मांडले. १९९१, २००१ आणि २०११ या तीन आकड्यांवरून व्हेरहुल्स्टच्या रीतीने नाशिकची कमाल मर्यादा २० लाख ८२ हजारांच्या आसपास निघते, २००१च्या आकड्याच्या दुपटीला जवळजवळ टेकलेली, आणि २०२७चा अंदाज पावणेएकोणीस लाखांच्या थोडा वर. सरळव्याजाने २१ लाख ४० हजार. मागच्या दशकाचा दर लावून चक्रवाढीने पावणेपंचवीस लाखांच्या थोडं पुढे. दामदुपटीवर माझं कितीही प्रेम असलं तरी पाथर्डी फाट्याकडे उभे राहणारे टॉवर पाहता पैज मी सरळव्याजावर लावतो.