सगळंच 'इन्स्टिंक्ट' नसतं! उपजत वागण्यातला फरक समजून घ्या

तव्याचा चटका बसताच हात झटकन मागे येतो आणि आपण त्याला बिनधास्त 'इन्स्टिंक्ट' म्हणतो. मानसशास्त्रात मात्र ही प्रतिक्षिप्त क्रिया. इथे हात मागे घेण्याचा आदेश मज्जारज्जूतूनच सुटतो. मेंदूला वेदना कळेपर्यंत हात हललेला असतो.

सहजप्रवृत्तीचं प्रकरण याहून लांबलचक आहे. कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी १९३८ मध्ये ग्रेलॅग हंसिणीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरट्याबाहेर घरंगळलेलं अंडं ती मान लांबवून चोचीने आत ओढते. गंमत पुढे आहे. मध्येच अंडं काढून घेतलं, तरी ती नसलेलं अंडं घरट्यापर्यंत ओढत आणते! एकदा सुरू झालेली अशी ठरावीक कृती म्हणजे 'फिक्स्ड ॲक्शन पॅटर्न'. पुढे १९७३ मध्ये दोघांना कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत नोबेल मिळालं.

मग माणसाचं काय? तान्ह्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवलं की ते घट्ट पकडतं. "बघा, ओळखलं मला!" असं घरात कुणीतरी म्हणतंच. खरं तर ही प्रतिक्षिप्त क्रियाच, कुणाचंही बोट चालतं. साधारण सहा महिन्यांपर्यंत ती ओसरते. बाळ दचकून दोन्ही हात फैलावतं, ती 'मोरो' क्रिया. डॉक्टर ती मुद्दाम तपासतात, कारण एकच हात हलला तर खांद्याजवळच्या नसांना किंवा गळपट्टीच्या हाडाला प्रसूतीवेळी इजा झालेली असू शकते.