नोंदवहीतले नाव : मुक्कामाचा एक इतिहास

आमची एक माजी विद्यार्थिनी एका चर्चासत्रासाठी फ्रान्समधील मार्सेय या बंदराच्या शहरी जाणार होती. शिष्यवृत्ती तुटपुंजी असल्याने स्वस्तात स्वस्त मुक्काम कुठे करावा, याची टिपणे तिने काढून ठेवली होती. जुन्या बंदराच्या अगदी काठावरची हॉटेले महाग पडतात, तेव्हा दोन गल्ल्या आत शिरावे. सामाईक खोलीत खालची खाट मागून घ्यावी. पेटीला लावण्यासाठी स्वतःचे छोटे कुलूप न्यावे. न्याहारी भाड्यात धरलेली आहे का, हे आधी विचारावे. पारपत्राची एक प्रत वेगळी ठेवावी, कारण नोंदवहीत नाव लिहिल्याशिवाय किल्ली मिळत नाही.

टिपणे व्यवहारी होती आणि त्यांत काही उणे नव्हते. शेवटच्या सूचनेपाशी मात्र आम्ही थबकलो. नाव लिहिले की किल्ली मिळते, हे वाक्य तिने इतक्या सहज लिहिले होते, की या सहजतेला इतिहास आहे याची तिला कल्पना नसावी. त्यात तिचा दोष नाही. अभ्यासक्रमात प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आपण निसर्ग, शैली आणि लेखकाचे व्यक्तिमत्त्व यांची चर्चा करतो. प्रवाशाने रात्री पाठ कुठे टेकली आणि ती जागा त्याला कोणत्या नावावर मिळाली, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

भूमध्य समुद्राच्या काठावर हा प्रश्न फार जुना आहे. अरबी बंदरांतील उतारशाळेला 'फुंदुक' म्हणत. हा शब्द मुळात ग्रीक असून सर्वांना आत घेणारे घर असा त्याचा अर्थ होतो. प्रत्यक्षात मात्र मध्ययुगीन बंदरांतून फुंदुक गावागावांप्रमाणे आणि धर्माधर्मांप्रमाणे वाटले गेले. अलेक्झांड्रियात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचे वेगळे, जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांचे वेगळे. हाच शब्द व्हेनिसमध्ये 'फोंदाको' झाला. तेथे जर्मन व्यापाऱ्यांसाठी तेराव्या शतकात बांधलेल्या फोंदाकोतच त्यांनी उतरावे, असा दंडक होता. थोडक्यात, सर्वांना आत घेणाऱ्या घराच्या दारावरही तू कोण, हा प्रश्न उभा होताच. फरक एवढाच, की व्हेनिसच्या दारात जर्मन माणसाला त्याची ठरलेली खोली मिळे. आपल्याकडे या प्रश्नाच्या उत्तरावर खोली मिळणे-न मिळणेच अवलंबून होते.

याचा पुरावा आपल्या सातारा जिल्ह्यातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आत्मपर टिपणांत १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. रामजी सुभेदार तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुटीत नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून आगगाडीने निघाली व मसूर स्थानकावर उतरली. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. स्थानकावर न्यायला कोणी आले नव्हते, कारण येत असल्याचे पत्र वडिलांच्या हाती पोचलेच नव्हते. मुले कोण हे कळताच इतका वेळ आपुलकीने बोलणारे स्टेशनमास्तर मागे सरले. कोणी गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देण्याचे आणि गाडी मुलांनीच हाकण्याचे ठरले, तेव्हा एक गाडीवान तयार झाला. तो गाडीबरोबर पायी चालत राहिला.

रात्री गाडी टोलनाक्यापाशी थांबली. मुलांजवळ भरपूर शिदोरी होती, पण पाणी नव्हते. तेव्हा गाडीवानाने मुलाला एक सल्ला दिला. नाकेदार हिंदू आहे, खरे सांगितलेस तर पाणी मिळणार नाही, तेव्हा आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहा. मुलाला उर्दू चांगली येत होती. त्याने तसे सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही आणि मुले भरल्या शिदोरीशेजारी उपाशी झोपली.

प्रवाशाला दिल्या जाणाऱ्या व्यवहारी सूचनांचा इतिहास कोणी लिहायला घेतलाच, तर आपल्या भागातील त्याचे पहिले पान हे असावे, असे आम्हांस वाटते. गाडीवानाची सूचना दुष्टपणाची नव्हती. ती अनुभवी माणसाने दिलेली, त्या मुलांच्या सोयीची सूचना होती. खोटे नाव सांगणे हीच जिथे सोय होते, तिथे सोय या शब्दाचा अर्थ तपासावा लागतो.

पुढे हे कुटुंब मुंबईस गेले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत चूल, जाते, सरपण आणि माणसे. चरित्रकार धनंजय कीर यांनी या खोलीचे वर्णन केले आहे. मुलगा लवकर झोपे, वडील पहाटे दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवीत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. एका अंथरुणाचे वेळेवारी वाटप मुंबईत नवे नव्हते. सातारा आणि सांगली भागातून गिरण्यांत व गोदीत कामाला गेलेल्या हजारो माणसांनी पाळीप्रमाणे अशीच झोप घेतली. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागी निजे. गावच्या खोलीत ट्रंक ठेवायला जागा आणि खानावळीत महिन्याचे जेवण लागले, की माणूस मुंबईत स्थिरावला असे समजत. पण गावच्या खोलीत गावही बरोबर येत असे. गावकुसाबाहेरच्यांना तिथेही बहुधा वेगळीच चाळ शोधावी लागे.

यानंतर आपण पुन्हा भूमध्य समुद्रावर येतो. १९१३ साली आंबेडकर न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांचा सोबती होता आणि ती मैत्री जन्मभर टिकली. १९१६ साली ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांनी मार्सेय बंदरात 'कैसर-इ-हिंद' ही बोट गाठली. पुस्तकांचे सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते. ती बोट पाणतीराने बुडाली. ऑगस्टमध्ये ते मुंबईत उतरले. परदेशातील वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच आपल्या मनातून पुसून टाकली होती, असे त्यांनी नमूद केले आहे. ती परत कशी आली, हे सांगण्यासाठी त्यांना भाषणाचा सूर लावावा लागत नाही. ते फक्त मुक्कामाची हकीकत सांगतात.

करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्यास गेले. उतरायचे कुठे? हिंदूंच्या हॉटेलात जागा मिळणार नव्हती. एका पारशी उतारशाळेत गेले, तर व्यवस्थापक म्हणाला की येथे फक्त पारशी उतरू शकतात आणि मला नोंदवही दाखवावी लागते. अखेर पारशी नाव लिहून राहायचे ठरले. राहणे-जेवण मिळून रोजचा दर दीड रुपया. वरच्या मजल्यावर एक लहानशी निजण्याची खोली, शेजारी नळ असलेली न्हाणी आणि बाकी मोडक्या सामानाने भरलेले रिकामे दालन. दिवसा कचेरी, रात्री कंदिलाच्या उजेडात वाचन. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्यास बजावून गेले. दोन परिचितांकडे विचारून पाहिले, एक हिंदू, दुसरे ख्रिस्ती. दोघांनीही अडचण सांगितली. रात्रीच्या गाडीला अवकाश होता. पाच तास कामाठी बागेत बसून आंबेडकर मुंबईस परतले.

मसूरच्या मुलाने तोंडी सांगितलेले खोटे नाव आणि बडोद्याच्या नोंदवहीत लेखी घातलेले खोटे नाव, यांच्यात सोळा वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात त्या मुलाने दोन खंडांतील विद्यापीठे पाहिली, अर्थशास्त्रात प्रबंध लिहिला. नोंदवहीला त्याचे काही घेणे नव्हते. साहित्याच्या विद्यार्थ्याने या दोन प्रसंगांची रचना जरूर पाहावी. लेखक कोठेही आक्रोश करीत नाही. भाडे, वेळ, अंतर आणि खोलीची मापे तो हिशेबनिसासारखी नोंदवतो. प्रवासवर्णनात ज्या तपशिलांना आपण दुय्यम मानतो, त्यांनीच येथे सगळा भार उचलला आहे. शीर्षकातील 'व्हिसा' हा शब्दही त्या दृष्टीने वाचावा. परदेशात शिरण्यासाठी लागणारी परवानगी येथे स्वतःच्या देशात मागावी लागते आहे.

याच काळात साताऱ्यात दुसरी एक नोंदवही उघडली जात होती. सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी सर्व मुले तेथे एका पंगतीत जेवत, एका छपराखाली झोपत. पैसा नव्हताच. मुले स्वयंपाक करीत, पडेल ते काम करीत. वसतिगृहातील मुलांची चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, ही हकीकत आपल्या भागात घरोघर ठाऊक आहे. अल्प खर्चात राहण्याची कला म्हणून आपण जे आज शिकतो, तिचा याहून मोठा नमुना क्वचितच सापडेल. तेथेही मुलाचे नाव विचारले जाईच. पण ते विचारण्याचा हेतू त्याला आत घेणे हा होता.

राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात समतेची तत्त्वे मांडताना दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा शब्दशः उल्लेख आहे. प्रथम वाचणाऱ्यास राष्ट्राच्या घटनेत हॉटेलसारखी सामान्य वस्तू कशी आली, असे वाटण्याचा संभव आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष कामाठी बागेत पाच तास बसले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तो शब्द सामान्य राहत नाही. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने धर्मशाळा आणि सराया यांनाही हाच नियम लावला. कायदा झाला म्हणून प्रश्न मिटला, असे मानण्याचे कारण नाही. आमच्याच शहरांतून खोली भाड्याने मागताना आडनाव ऐकून आवाज बदलतो, हे आमच्या विद्यार्थ्यांनी आम्हांला अनेकदा सांगितले आहे.

आमच्या विद्यार्थिनीची टिपणे आम्ही परत केली. खालची खाट, छोटे कुलूप, न्याहारी या सूचनांत काही फेरफार केला नाही. शेवटच्या सूचनेपुढे मात्र पेन्सिलीने एवढेच लिहिले, की आपले खरे नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे. ज्या बंदरातून १९१७ साली एक प्रवासी खोट्या नावाची वेळ येणाऱ्या देशाकडे निघाला होता, त्याच बंदरात तिला ते लिहायचे होते.