रणातून रानात

इंदूर शहराला मोटारींचे वेड नवे नाही. माणिकबागेचा राजवाडा ज्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पकाराकडून बांधून घेतला, त्या दुसऱ्या यशवंतराव होळकर महाराजांच्या संग्रही बुगाटी, बेंटली, आल्फा रोमिओ अशा एकाहून एक सरस मोटारी होत्या. १९३६ साली त्यांच्यासाठी घडविलेली ड्यूसेनबर्ग तर मोटारींच्या इतिहासात अजरामर झाली आहे. तिचा सांगाडा आणि इंजिन अमेरिकेतले, वरचे शरीर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्यातले, बळ ३२० अश्वशक्तीचे आणि आत जागा मात्र अवघ्या दोघांची! तिच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतरच साडेबारा फुटांहून अधिक होते.

अशी मोटार राजमार्गावर शोभावी, यात नवल नाही. परंतु आषाढात देपालपूर किंवा सांवेरकडच्या शेतवाटेवर तिला कोणी नेली असती, तर तिचे ऐश्वर्य घटकाभरातच संपले असते. मालव्याची काळी माती पिकाला जितकी उदार, तितकीच चाकाला कठोर. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पाऊस पडला की ती फुगते, निसरडी होते आणि चाकाला थरावर थर चिकटून बसते. अशा मातीत मोटारीचे बळ किती आहे यापेक्षा ते किती चाकांना पोहोचते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्या प्रश्नाचे उत्तर महाराजांच्या ड्यूसेनबर्गनंतर चारच वर्षांनी मिळाले. मात्र ते शेतकऱ्यासाठी शोधलेले नव्हते, सैनिकासाठी होते.

१९४० च्या उन्हाळ्यात युरोपातील युद्धाचे स्वरूप पाहून अमेरिकन सैन्याने १३५ कारखान्यांना पत्रे धाडली. टेहळणीसाठी एक हलकी, ठेंगणी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती आणि पहिला नमुना केवळ ४९ दिवसांत हवा होता. एवढ्या मुदतीत तो देण्याचे धाडस पेनसिल्व्हेनियातील अमेरिकन बँटम या डबघाईला आलेल्या छोट्या कारखान्याने केले. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने काही दिवसांत आराखडे तयार केले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी सैन्याच्या दारात उभी राहिली. पण यशाचे माप नेहमी कर्त्याच्याच पदरात पडते असे नाही. बँटमची उत्पादनशक्ती तोकडी, म्हणून मोठी मागणी गेली ती विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड या बड्या कारखान्यांकडे. बँटमच्या वाट्याला तीन हजारांहूनही कमी गाड्या आल्या. पुढील पाच वर्षांत इतर दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या बाहेर काढल्या. विलीसच्या बाजूला बार्नी रूस या अभियंत्याने सुधारलेले साठ अश्वशक्तीचे इंजिन होते. त्यानेच तिची सरशी झाली. हीच ती जीप. तिच्या चाकांमधले अंतर ८० इंच, म्हणजे होळकरांच्या मोटारीच्या जवळजवळ निम्मे!

या गाडीचे मर्म समजणे कठीण नाही. जुन्या सामान्य मोटारीत इंजिनचे बळ मागच्या दोन चाकांना मिळते आणि पुढची दोन केवळ दिशा देतात. चिखलात मागची चाके जागच्या जागी फिरू लागली की गाडी रुतली. जीपमध्ये मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन लहान दांडे असत. एकाने पुढच्या चाकांनाही बळ मिळे. दुसऱ्याने चाकांची गती कमी होऊन त्यांची ओढ वाढे. उतावळेपणा सोडून संथपणे, पण चारही पायांनी चालणारा बैलच जणू! मात्र या शक्तीलाही शिस्त आहे. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती सोय नसल्यामुळे सारा ताण दातेरी चक्रांवर येतो. म्हणून चार चाकांची ओढ गरजेपुरती लावावी आणि पक्का रस्ता लागताच काढावी, हा पहिला धडा होय.

युद्ध संपले तेव्हा ही गाडी नांगरालाही जुंपता येईल, अशी जाहिरात करीत विलीसने १९४५ मध्ये तिची नागरी आवृत्ती काढली. त्याच वर्षी जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मुंबईत एक पोलादाची पेढी सुरू केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’चे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. या पेढीने विलीसशी करार केला आणि १९४९ मध्ये माझगावच्या कारखान्यात अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागली. पुढे भागही येथेच घडू लागले.

मात्र स्वतंत्र भारताची जीपची पहिली मोठी खरेदी याच काळात भलत्याच कारणाने गाजली. काश्मीरच्या रणांगणासाठी १९४८ मध्ये लंडनमधील उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यामार्फत एका परदेशी पेढीशी करार झाला. व्यवहार सुमारे ८० लाख रुपयांचा होता आणि गाड्या नव्या नव्हेत, तर डागडुजी केलेल्या होत्या. बरीच रक्कम आधी दिली गेली. प्रत्यक्षात आलेल्या १५५ गाड्या कामास नालायक ठरल्या. नेहमीची कार्यपद्धती डावलल्याची टीका संसदेत झाली आणि १९५५ मध्ये सरकारने हे प्रकरण संपल्याचे जाहीर केले. राजकारणाचा भाग बाजूला ठेवला, तरी व्यवहाराचा बोध उरतोच: वापरलेली गाडी पाहिल्यावाचून आणि चालवून पारखल्यावाचून पैसा हातचा सोडू नये. सरकारला जो धडा महाग पडला, तो गृहस्थाला स्वस्त कसा पडेल?

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि जीपला तिचे खरे भारतीय कार्य सापडले. गटविकास अधिकारी, लस टोचणारे डॉक्टर, पाटबंधाऱ्याचे अभियंते, निवडणुकीचे उमेदवार असे सारे जीपनेच खेड्यात शिरले. मध्य भारताचे राज्य १९५६ मध्ये मध्य प्रदेशात विलीन झाले, संस्थानी मोटारी परदेशी संग्राहकांकडे जाऊ लागल्या. पण विंध्याचा घाट उतरून नेमाडात जाणारी जीप मात्र धावत राहिली. महूच्या छावणीमुळे इंदूरकरांना लष्करी गाड्यांचे दर्शन नित्याचेच होते. त्यात पुढे जबलपूरच्या कारखान्यातील जोंगाची भर पडली आणि १९८५ च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली. जपानी सुझुकीच्या घराण्यातील ही छोटी गाडी वजनाने सुमारे एक हजार किलो. हलकेपणा हेच तिचे चिखलातील मोठे अस्त्र होते. २०१९ च्या सुमारास तिची नागरी विक्री थांबली. आज इंदूरजवळच्या पीथमपूर येथे फोर्स मोटर्सची गुरखा तयार होते. नवल फिरोदिया यांनी स्थापलेल्या बजाज टेम्पोचेच हे २००५ नंतरचे नाव. म्हणजे ज्या मालव्यात एके काळी सातासमुद्रापलीकडून मोटारी येत, त्याच मालव्यात आता चारही चाकांनी ओढणारी गाडी जन्मास येते.

तथापि जुन्या जीपची मोहिनी ओसरलेली नाही. ती पहिल्यांदाच घेणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये: दिसते तसे नसते. आपल्याकडे विकल्या गेलेल्या अनेक जीपगाड्या केवळ मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या होत्या. रूप तेच, नाक तेच, पण पुढची ओढ नाही! म्हणून रंगाकडे पाहण्याआधी वाकून गाडीखाली पाहावे. पुढच्या धुऱ्यावर डिफरन्शियलचा फुगीर गोळा आणि त्याकडे जाणारा शाफ्ट आहे की नाही, हे तपासावे. मग मऊ जमिनीवर नेऊन दांडा लावून पाहावा. सांगाड्याला गंज वा नवे सांधे आहेत का, आणि सांगाड्यावरचा व इंजिनवरचा क्रमांक नोंदणीपत्राशी जुळतो का, हेही पाहावे. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाडीची कागदपत्रे तर अधिकच बारकाईने वाचावीत. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवावी लागते. मूळ रचनेत मनमानी फेरबदल केलेली गाडी या तपासणीत अडते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. सांगाडा, शरीर व इंजिन मूळ स्वरूपात असतील, तर अशा गाडीला ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. परंतु अशी गाडी नित्याच्या प्रवासासाठी वा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शने, मिरवणुकी आणि देखभाल एवढ्यापुरतीच तिला मोकळीक असते. राजेरजवाड्यांच्या मोटारींना हा नियम शोभून दिसतो, कारण त्यांचा जन्मच मुळी मिरविण्यासाठी होता. जीपला मात्र मान देताना हा नियम तिच्याकडून तिचे काम काढून घेतो. जी चिखल तुडविण्यासाठी जन्मली, तिला धुऊनपुसून मांडवात उभे करावे लागते.

म्हणून पहिल्या खरेदीदाराने किमतीच्या आधी हेतू ठरवावा. संग्रहासाठी घ्यायची असेल, तर मूळ भाग शोधून तिचा इतिहास जपावा आणि तिला विश्रांती द्यावी; तेही मोलाचे कार्य आहे. शेतावर, घाटात, पावसात वापरायची असेल, तर मानाच्या अक्षरांचा मोह सोडून साधी नोंदणी नियमाने वाढवीत राहावी आणि गरजेची दुरुस्ती कायद्याच्या मर्यादेत करावी. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. फसगत होते ती एकाचे पैसे मोजून दुसऱ्याची अपेक्षा धरणाऱ्याची. ऐंशी वर्षांहून अधिक काळ या ठेंगण्या गाडीने माणसाला रस्ता संपल्यानंतरची वाट दाखविली आहे. तिला घरी आणणाऱ्याने निदान आपली वाट कोणती, एवढे आधी स्वतःला विचारावे.