तळाव, तलाव आणि मोटारबोट

कल्याणच्या पाण्यात बोटी अडवण्याची रीत मोटारीपेक्षा फार जुनी आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी पोथीत नोंद आहे की, कल्याण बंदरात शिरलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाण्याचा धोका असे. तिथे भांडण व्यापाराचे होते. १८६८ च्या मुंबई इलाख्यातील तरींच्या कायद्याला काळजी मक्त्याची आणि भाड्याची; १९१७ च्या अंतर्देशीय आगबोटींच्या कायद्याला यंत्राची आणि उतारूंच्या जिवाची. पाण्याच्या जिवाची आठवण यांपैकी कुणालाच झाली नाही.

ती झाली २०१० च्या केंद्रीय पाणथळ नियमांत. राज्य सरकारच्या परवानगीवाचून करता न येणाऱ्या कामांच्या यादीत यांत्रिक होडी चालवणे आले, तेही जीवसृष्टीला बाधा होत नसेल तरच. उथळ पाण्यात पंखा तळाचा गाळ ढवळतो. गढुळात उजेड खाली पोचत नाही, गाळात बसलेला फॉस्फरस वर येऊन शेवाळ माजते, लाटांनी काठ खचतो. २०१७ मध्ये नवे नियम आले आणि त्यांच्या मजकुरातून होडीचे कलम गळाले. उरला धक्का: दहा वर्षांच्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्के बांधकाम करायचे नाही, बोटीचा धक्का तेवढा चालेल.

पण खरी गंमत व्याख्येत आहे. २०१७ च्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम, दोन्ही पाणथळी येतात; मात्र खास पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेले जलाशय लगेच वगळले जातात. म्हणजे ठाण्याचा मासुंदा किंवा कल्याणचा काळा तलाव खोदला कुणी आणि कशासाठी, यावर सारे अवलंबून. आणि इथे 'तलाव' हा शब्दच साक्षीला येतो.

रूढ मत असे की तो संस्कृत 'तडाग'वरून आला. अडचण एका अक्षराची आहे. मराठीत 'गुड'चा गूळ झाला, 'षोडश'चे सोळा झाले. त्या हिशेबाने 'तडाग'चा तळाव व्हायला हवा, आणि गुजरातीत तो तसाच आहे. मग मराठीत 'ल' कुठून शिरला? दुसरा पक्ष फारसी वळणाच्या 'तालाब'कडे बोट दाखवतो. पण त्यातला पहिला स्वर दीर्घ, मराठीतला ऱ्हस्व. शेवटच्या 'ब'चा 'व' कसा झाला, तेही सांगावे लागते. अधिक पटणारा तर्क असा की घरचा 'तळाव' दरबारी 'तालाब'च्या संगतीने बोलताना 'तलाव' झाला. हाड तडागाचे, उच्चार पाहुण्याचा.

हे मान्य केले तर नावच जबानी देते. धर्मशास्त्रात वापी, कूप आणि तडाग ही 'पूर्त' पुण्यकर्मे, म्हणजे मुद्दाम खोदून घ्यायची. उलट 'पाणथळ' हा शेतकऱ्याचा शब्द: जिथे पाणी आपोआप साचते आणि पीक कुजते, ती जमीन. तिथे कुदळ लागत नाही. मासुंदा शिलाहारांच्या काळाशी जोडला जातो आणि त्याच्या काठी कोपिनेश्वराचे देऊळ उभे आहे. तेव्हा तो देवासाठी आणि गावाच्या पाण्यासाठीच खोदला असणार. नौकाविहार नंतरचा. करमणुकीच्या अपवादात तो बसत नाही. पिण्याच्या पाण्याच्या अपवादात बसतो की नाही, यावर मात्र वकिलांना भरपूर भांडता येईल.

खाडीला ही पंचाईत नाही. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर. २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, म्हणजे रामसर दर्जा मिळाला. अभयारण्यात पाणथळ नियमांपेक्षा १९७२ चा वन्यजीव कायदा चालतो, म्हणून ऐरोलीहून फ्लेमिंगो दाखवायला निघणारी होडीही वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या व्यवस्थेतली.

उल्हास नदीचे तसे नाही. कल्याण-ठाणे-मुंबई हा २०१६ पासून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ आहे, आणि नदीपात्र पाणथळीच्या व्याख्येबाहेर. त्यामुळे तिथल्या बोटीला लागू होतो तो १९१७ च्या आगबोटींच्या कायद्याचा वारस, २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा. त्यात मात्र जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणावर स्वतंत्र प्रकरण आहे.